नागपूरचा पाऊस कोणाचा?

अक्का, बंगालच्या उपसागरात पुन्हा कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे. सकाळच्या बातम्यांत ती मुलगी नकाशापुढे उभी राहून हात गोल गोल फिरवत सांगत होती आणि मी सवयीनं तोंड वाकडं करून बसले. म्हटलं, आता जिन्याखालून हाक येणार, "ऐकलं का वं? माह्या माहेरून निघाला!" हाक आली नाही. गॅसवरचा चहा तेवढा उतू गेला.

आपल्या घरात हवामानाच्या बातम्या ऐकणाऱ्या दोघीच. अरबी समुद्राचं नाव आलं की माझी मान ताठ, बंगालच्या उपसागराचं आलं की तुझी. नागपूर दोन्हीकडून इतकं लांब, की इथल्या पोरांना समुद्र पाहायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. अशा गावात, हुडकेश्वरच्या दुमजली घरात, खाली तू आणि वर मी, एवढी वर्षं एकाच गोष्टीवर भांडत आलो, की इथं पडणारा पाऊस कोणाचा. तुझ्या पूर्वेच्या समुद्राचा की माझ्या पश्चिमेच्या? निकाल काही लागला नाही. भाद्रपदात तू भांडण अर्धवट टाकून उठून गेलीस. हे बरं केलं नाहीस.

भेटायला येणाऱ्या बायका विचारतात, "त्या तुमच्या कोण?" मी म्हणते, थोरली जाऊ. त्यावर त्या अशा मान हलवतात, जणू जावेसाठी इतकं रडणं जरा जास्तच झालं. मी पुढं काही सांगत नाही. लग्नानंतरची दोन वर्षं मी तुला अहो-जाहो करत होते. तूच वैतागलीस. "तुमी-तुमी काहून करते वं? मले वाटते मागं सासूबाई उभ्या हायेत." मग अक्का झालीस. तुझ्या तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण, आणि आमच्याकडेही तेच. दोन किनाऱ्यांत सारखी निघालेली ही पहिली गोष्ट.

पहिली म्हणते खरी, पण त्याआधी मीठ होतं. मी वेंगुर्ल्याहून नवी नवरी होऊन आले आणि स्वयंपाकघरात शिरून मिठाची बरणी उघडली, तर मिठात तांदळाचे दाणे. माझी आई तेच करायची. पावसाळ्यात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, तांदूळ टाकले की ते ओल ओढून घेतात. नागपुरात मीठ बिचारं बारा महिने ठणठणीत कोरडं. इथं हे कोणाला सुचावं? मी विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "हेच तं मी थोरलीले इचारतो. मिठात तांदूळ कायले? ऐकतच नाई." तू ओट्याशी पाठमोरी उभी होतीस. वळलीस आणि एवढंच म्हणालीस, "तुह्याकडं बी टाकतेत?" त्या क्षणी मला या घरात माहेरचं माणूस मिळालं.

तू नरसापूरची, गोदावरी समुद्राला मिळते तिथली. वडील रेल्वेत, बदली होऊन नागपुरात अजनीला आले, आणि कॉलेजात तू भाऊजींच्या नजरेत भरलीस. सासूबाई काटोलच्या, संत्र्यांच्या बागेत वाढलेल्या. त्यांनी समुद्र कधी पाहिला नाही आणि पाहायची हौसही नव्हती. आपल्या दोघींची जुंपली की कपाळाला हात लावून म्हणायच्या, "लोकाइच्या घरी गोड्या पाण्याच्या सुना येतेत, माह्या घरी दोन्ही खाऱ्या."

तुझ्या 'गाली'ची गोष्ट मला त्यांनीच सांगितली. किती वेळा सांगितली, देव जाणे. तू नवी होतीस, मराठी जेमतेम. मे महिना, लाइट गेलेली, सगळं घर गच्चीवर. तू घामाघूम होऊन सासूला म्हणालीस, "आई, मले गाली पाह्यजे. इथं गालीच नाई." तेलुगूत गाली म्हणजे वारा. नागपुरात गाली म्हणजे शिवी. सासूबाई म्हणे गादीवर उठून बसल्या. "माय वं! आठ दिवस नाई झाले घरात येऊन अन् पोरीले गाली पाह्यजे! देऊ का एखादी?" भाऊजी हसून हसून लोळले. तेव्हापासून घरादाराचा वाराच बदलला. संध्याकाळी गच्चीवर निघताना आपल्या घरात कोणी हवा खायला जात नाही, सगळे गाली खायला जातात. बाहेरच्या माणसासमोर हे बोलून किती पंचाईत झाली आहे, आठवतं ना?

गच्चीवरच आपलं खरं जुंपायचं. मी म्हणायचे, पाऊस असावा तर आमच्या किनाऱ्यासारखा. ज्येष्ठात आला की गणपती जाईपर्यंत मुक्काम. समुद्रावरून येताना दिसतो, आधी काळी रेघ, मग होड्या दिसेनाशा, मग माड, मग आपण. होड्या ओढून वर घेतलेल्या, काडेपेटी पेटत नाही, चपलांवर बुरशी. तू ऐकून घ्यायचीस आणि शांतपणे विचारायचीस, "एवढा पडते, तं मे महिन्यात तुह्या आईची घागर विहिरीत काहून आपटते?" आमचा पाऊस डोंगरावरून उतरतो आणि धावत समुद्रात जातो, घरात टिकत नाही.

तुझा पाऊस मात्र दोनदा येणारा. एकदा सगळ्यांबरोबर, आणि पुन्हा आश्विन-कार्तिकात, आमचं आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं मोकळं झालेलं असताना. सपाट जमीन, कालवे भरलेले, वर्षाला भाताची दोन पिकं. उन्हाळ्यात दुपारपर्यंत जमिनीवरून वडगाली, म्हणजे आपल्या नागपूरच्या झळाच. आणि मग अचानक समुद्राकडून थंड वारा फिरायचा, की तुझी आजी सगळी दारं उघडायची. ते सांगताना तू डोळे मिटून तोंड पूर्वेला करायचीस. तिकडे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. तुला तिचं काही वाटायचं नाही.

एकदा मी चिडून बोलून गेले, "तुमचा पाऊस घरावरचे पत्रे घेऊन जातो, असला पाऊस काय कामाचा?" तू हातातलं भजं बशीत ठेवलंस. मग पहिल्यांदाच तुफानाचं सांगितलंस. तू लहान होतीस. घर रात्रभर थरथरलं आणि पहाटे वारा एकाएकी थांबला. इतका, की दिव्याची ज्योत सरळ. आजोबा गाय बघायला निघाले तर आजीनं त्यांचं धोतर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. थोड्या वेळानं वारा आला तो उलट बाजूनं, आणि मागची भिंत घेऊन गेला. "गाली थांबली का बाहेर जायचं नाई वं," तू म्हणालीस. "ते संपली नसते. पाठ फिरवून येते." मी तुझ्या बशीत आणखी एक भजं ठेवलं. माफी मागायची आपली तीच रीत होती.

तू एका मे महिन्यात माझ्याबरोबर वेंगुर्ल्याला आलीस. संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर सूर्य बुडताना बघायला उभे, आणि तू सूर्याकडे पाठ करून माडांकडे बघत बसलीस. माझ्या आईला वाटलं, पाहुणी रुसली. तू म्हणालीस, "आमच्याकडं सूर्य पाण्यातून निघते वं. पाण्यात जाताना पाहून मले कसंतरीच होते." मला राग आला होता, खरं सांगते. माझ्या समुद्रात इतकं काय काय दाखवायला नेलं तुला, आणि तू त्यातलं नेमकं हेच बघायला नाही म्हटलंस. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तू अंगणात बसलेली दिसलीस. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा सुटला होता. तुझे केस समुद्राच्या दिशेनं उडत होते. "हे गाली चांगली हाय," म्हणालीस. आमच्या किनाऱ्याची तू केलेली तेवढीच स्तुती.

मग माझी पाळी होती. तुझा दुसरा पाऊस बघायला मी नरसापूरला यायचं. त्याला मुहूर्त लागला नाही. तुझा पाऊस येणार नेमका दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे साफसफाई, फराळ, पोरांच्या परीक्षा. ते उरकावं तर तिकडे तुफानाचा इशारा. पुढं तिथलं तुमचं घरही राहिलं नाही, भाऊ हैदराबादला गेला. तरी तू दरवर्षी म्हणायचीस, यंदा जाऊ, समुद्र तं हाये ना जागेवर. आणि मी म्हणायचे, पुढच्या वर्षी नक्की. यंदाही म्हटलं होतं. आज आश्विन लागला आहे, आपला पाऊस परतला, वेंगुर्ल्याचाही परतला, आणि तुझा यायचा आहे. या रिकाम्या पंधरवड्यात मला तुझ्याशेजारी गाडीत बसायचं होतं, अक्का. खिडकीशी कोण बसणार यावरून भांडायचं होतं.

आणखी एक भांडण राहिलं आहे, ते भांड्यांचं. एका पावसाळ्यात कामवाली आली नव्हती, आपण दोघी मागच्या मोरीवर बसलो होतो. त्या साली पाऊस जोरात झाला होता आणि मी तोऱ्यात म्हटलं, "आमच्या अरबी समुद्राच्या पाण्यानं तुझी भांडी निघतायत, लक्षात ठेव." तू तवा खाली ठेवलास. मोरीच्या फरशीवरच्या फेसात बोटानं रेघ ओढलीस. "आलं कुठून ते सोड. जाते कुठं ते पाह्य. हा आपला नाला, तो गेला नाग नदीले. नाग कन्हानले. कन्हान अंभोऱ्याले वैनगंगेत. वैनगंगा झाली प्राणहिता, ते गेली गोदावरीत. अन् गोदावरी कुठं?" तुझं बोट माझ्या पायाशी येऊन थांबलं. "नरसापूरले! पाऊस कोणाचा बी असो. तू घास वं भांडी, पाणी माह्या समुद्राले जाऊन राहिलं." मी परात जोरात आपटली आणि उठले. नकाशा काढून पाहिला तर तुझं बरोबर होतं. ते तुला सांगितलं नाही.

श्रावणात तुझा दम वाढला. फुप्फुसात पाणी झालं होतं. हे ऐकून तूच हसलीस, "खारं हाय का गोडं, इचार डॉक्टरले." दवाखान्यात मी दुपारची असायचे. एक दिवस डबा घेऊन गेले तर दारातच नर्स, कोवळी पोरगी, रडवेली झालेली. "काकू, तुमचा पेशंट मले गाली देऊन राहिला. मी काईच केलं नाई. सकाळपासून नुसतं गाली, गाली." मला आधी हसू फुटलं, आणि मग जे रडू आलं ते आवरेना. ती पोरगी आणखीच घाबरली. तिला सांगितलं, बाई गं, तिला वारा पाहिजे. खिडकी उघड.

तिनं पडदा सारून खिडकी उघडली. बाहेर आभाळ भरलेलं होतं, वारा आत आला, तुझ्या कपाळावरचे केस हलले. मी तुझ्या कानाशी वाकून म्हटलं, "घे. पूर्वेची आहे, तुझी." खिडकी पश्चिमेला होती. त्या अवस्थेत तुला दिशा कुठली कळणार, असं मला वाटलं. तू डोळेसुद्धा उघडले नाहीस. "झूट," म्हणालीस. "हे तुह्याकडली हाय." मग थोडा दम घेतलास आणि म्हणालीस, "चालते." त्यानंतर तू माझ्याशी काही बोलली नाहीस. मी संध्याकाळपर्यंत तुझा हात धरून बसले होते, तुला ते कळत होतं की नाही, कोण जाणे.

तू गेल्यावर मी घरात तमाशा केला. हो, मीच. भाऊजींसमोर आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो चढवला. अस्थी अंभोऱ्याला न्यायच्या ठरल्या होत्या, सासूबाई-मामंजींच्या नेल्या तशा. मी म्हटलं, ती समुद्राची आहे. जन्मभर या कोरड्या गावात राहिली, आता तरी तिला नरसापूरला न्या. कोणी येत नसेल तर मी एकटी जाते. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. भाऊजी खाली बघत राहिले आणि म्हणाले, "अंभोऱ्यालेच." मला इतका संताप आला, की जाताना गाडीत मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाटत होतं, प्रेमविवाह म्हणे, आणि एवढंही कळत नाही माणसाला.

अंभोऱ्याला पाणी काठोकाठ होतं, गढूळ, ओढीचं. भाऊजी गुडघाभर पाण्यात उतरले. कलश धरला होता आणि ओठ हलत होते. भटजींचे मंत्र केव्हाच संपले होते. मी तोल जाईल म्हणून त्यांच्या मागे उतरले, तेव्हा ऐकू आलं. "वैनगंगा. मंग प्राणहिता. मंग गोदावरी. मंग नरसापूर." पुन्हा पहिल्यापासून. शाळेतल्या पोरासारखं, एकेक नाव सावकाश.

मी विचारलं, "भाऊजी, हे काय?"

"रस्ता सांगून राहिलो तिले," ते म्हणाले. "तिनंच माह्याकडून पाठ करून घेतला होता. म्हणे, एवढ्या दूर मले कोणी घेऊन नाई जाणार, अन् जायची गरज बी नाई. अंभोऱ्याले सोडा, मी जातो बरोबर. फक्त नावं इसरू नका, नाई तं मी कुठं जाऊ?" त्यांनी कलश पाण्यालगत धरला. मग म्हणाले, "मधात गोसेखुर्दचं धरण हाय ना. पेपरात रोज पाहून राहिलो होतो. दारं उघडी हायेत."

त्या माणसाला मी गाडीत मनातल्या मनात काय काय बोलले होते, अक्का. मी त्यांच्या हाताला हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून नावं म्हटली. तू गेलीस. पाणी तुला पटकन घेऊन गेलं, वळून बघायला सवडही दिली नाही.

तेरावं झालं, माणसं पांगली, घर शांत झालं. मला वाटलं, संपलं, सोसलं मी. तुझी आजी नव्हती ना धोतर धरायला. परवा मिठाची बरणी रिकामी झाली म्हणून पुडा फोडला, मीठ ओतलं, आणि हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे गेला. चार दाणे टाकले. या घरात ते कशाला टाकतात हे माहीत असणारं आता माझ्याखेरीज कोणी नाही. मी तिथंच ओट्याला धरून खाली बसले. तू म्हणाली होतीस, ती पाठ फिरवून येते. आली.

माझ्या लेकीला मी पूर्वीच बजावून ठेवलं होतं, माझं काही झालं तर मला वेंगुर्ल्याला न्यायचं, माझ्या समुद्रात. काल ती मिहानमधल्या ऑफिसातून आली तेव्हा तिला जेवायला वाढता वाढता म्हटलं, वेंगुर्ल्याचं राहू दे, मला अंभोऱ्यालाच सोड. तिचा घास हातात राहिला. "काहून वं आई? जन्मभर तं तू वेंगुर्ला वेंगुर्ला करते." मी म्हटलं, नागपुरातून माझ्या समुद्राला जाणारी एकही नदी नाही. आणि तुझ्या मोठ्या आईकडे, अक्काकडे, जायचं कधीचं राहिलं आहे. मग तिच्याकडून नावं म्हणून घेतली. ती प्राणहिता विसरत होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर आली.

तेव्हा ऐक. पाऊस कोणाचा, याचं मी अजूनही कबूल करत नाही. तो वाद तसाच राहू दे, भेटल्यावर बोलायला काहीतरी हवं. पाण्याचं मात्र तुझं खरं होतं. हे मी तुला त्या दिवशी मोरीवरच सांगायला हवं होतं, तुझं तोंड बघायला मिळालं असतं.

आज कामवालीला मी सुट्टी दिली आहे. सगळी भांडी माझ्या हातानं घासली, तुझा तवासुद्धा. पाणी निघालं आहे तुझ्याकडे.